पुढे काय झाले?

मराठीच्या प्राध्यापकाला खेळातले काही कळत असेल असे सहसा कोणी गृहीत धरीत नाही. वर्गातली मुले धरीत नाहीत, जिमखान्याचे प्रमुख धरीत नाहीत, आणि घरच्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे एका खाजगी वाहिनीने खेळांवरच्या प्रश्नमंजूषेसाठी स्पर्धक हवेत असे जाहीर केले, तेव्हा आमचे अर्थशास्त्राचे सहकारी हटूनच बसले. "तुम्ही जाच. मराठीचा मास्तर आणि क्रिकेट, ही जोडी विजोड दिसते. टेलिव्हिजनवाल्यांना विजोडच लागते."

अर्थशास्त्रवाल्यांचे अंदाज फारसे खरे ठरत नाहीत. पण या बाबतीत इतिहास त्यांच्या बाजूचा आहे. १९५५ साली अमेरिकेत चौसष्ट हजार डॉलरच्या प्रश्नमंजूषेत डॉ. जॉइस ब्रदर्स नावाच्या एक मानसशास्त्रज्ञ बाई उतरल्या. विषय कोणता, तर मुष्टियुद्ध! कार्यक्रमवाल्यांना नाजूक बाई आणि ठोसेबाजी अशी विसंगती हवी होती. बाईंनी मुष्टियुद्धावरचे जाडजूड ग्रंथ आणले, अक्षरशः पाठ केले आणि चौसष्ट हजार डॉलर घेऊन घरी गेल्या. पुढे १९५९ मध्ये अशा कार्यक्रमांतून काही स्पर्धकांना आधीच उत्तरे पढवली जात होती, असे चौकशीत उघडकीस आले. बाईंवर मात्र ठपका आला नाही. त्यांची घोकंपट्टी अस्सल होती! जन्मभर घोकंपट्टीचे पेपर तपासणाऱ्या मला त्यांच्याविषयी आदर वाटतो, तो उगीच नव्हे.

तर मी नाव नोंदवले. फोनवरची चाळणी पार पडली आणि एका रविवारी सकाळी निवडीसाठी बोलावणे आले. निवड एका मंगल कार्यालयात होती. प्रवेशद्वारावर आदल्या दिवशीच्या वधूवरांची नावे तशीच होती. त्यांच्याखालून आम्ही दोनअडीचशे इच्छुक छातीवर क्रमांक लावून आत गेलो. प्रथम एक इंग्रजी करारपत्र हाती आले. माझा चेहरा, माझा आवाज आणि माझी जीवनकथा कोठेही व केव्हाही वापरण्यास माझी हरकत नाही, असा त्याचा मथितार्थ. पुस्तकाच्या प्रकाशकालाही मी एवढे हक्क कधी दिलेले नाहीत. सही केली.

लेखी परीक्षेत वीसपैकी माझे सतरा आले. शेजारी कराडकडचा एक मुलगा बसला होता, विशीचा असेल नसेल. त्याचे वीसपैकी वीस. "सर, तुमचं कुस्तीचं दोन गेलं का?" त्याने इतक्या आस्थेने विचारले की मला रागही येईना.

मग कॅमेऱ्यासमोरची फेरी. कानाला यंत्र लावलेली एक मुलगी प्रश्न विचारीत होती.

"रणजी सामन्यात एका भारतीयाची सर्वोच्च धावसंख्या?"

"नाबाद ४४३. भाऊसाहेब निंबाळकर, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड, पुणे, १९४८. पण बघा, ब्रॅडमनच्या ४५२ ला गाठायला फक्त ९ धावा हव्या होत्या, आणि मधल्या सुट्टीत काठेवाडच्या कप्तानाने—"

"सर, नुसता आकडा."

"आकडा ४४३ का आहे, ते तर सांगू द्या! काठेवाडने सामनाच सोडून दिला म्हणून—"

"वेळ संपली, सर. पुढचा. लागोपाठ २१ निर्धाव षटके?"

"बापू नाडकर्णी. मद्रास, १९६४, इंग्लंडविरुद्ध. डावात ३२ षटके, २७ निर्धाव, धावा ५." एवढ्यावर मी जीभ आवरली. बळी एकही नाही, ही त्यातली खरी गंमत आहे. अख्ख्या डावात १३१ चेंडू ओळीने एकही धाव निघाली नाही, आणि विकेटच्या रकान्यात शून्य! पण त्याला रकाना नव्हता.

"छान. पण जरा एनर्जी हवी होती, सर."

माझ्यानंतर तो मुलगा. प्रश्न खाशाबा जाधवांचा होता. १९५२, हेल्सिंकी, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक. मुलगा एका श्वासात म्हणाला, आणि त्याआधी १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले होते, हेही सांगून मोकळा झाला. कोणी हरकत घेतली नाही. हरकत पुढे आली.

"आता तुमचा संघर्ष सांगा."

"कसला?"

"म्हणजे घरची परिस्थिती. वडील...?"

"हायत की. मळ्यात असत्यात. बरं चाललंय."

"काही दुःखद प्रसंग?"

मुलाने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "तसं काय नाही," तो म्हणाला. जणू पेपरात एक उत्तर चुकले असावे तसा त्याचा चेहरा झाला. वीसपैकी वीस मिळवणाऱ्या पोराला बाप धडधाकट असल्याबद्दल ओशाळे व्हावे लागलेले मी पहिल्यांदाच पाहिले, आणि त्या मंगल कार्यालयात मला खरा संताप आला तो तेव्हा.

संध्याकाळी यादी लागली. तीत आम्ही दोघेही नव्हतो. बाहेर टपरीवर चहा घेताना त्याने विचारले, "सर, त्या निंबाळकरांचं पुढं काय झालं?"

मी सांगितले. काठेवाडच्या राजेसाहेब कप्तानाला आपल्या संघाचे नाव विक्रमाला चिकटायला नको होते. गडी सामान बांधून निघून गेले. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही. २०१२ मध्ये ते कोल्हापुरात वारले. आजही ती खेळी भारतीयांत पहिली आहे.

"नऊ धावांसाठी?" मुलगा कितीतरी वेळ कपात बघत राहिला.

मग माझी पाळी. हेल्सिंकीला जाण्यापुरते पैसे खाशाबांपाशी नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे मी वाचले होते. (प्राचार्याने पैलवान विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकावे! आमच्याकडे क्रीडाशुल्काच्या पावतीवरून दोन बैठका होतात.) पण त्या घराचे पुढे काय, हे मला कोठे सापडले नव्हते.

"सोडवलं की!" मुलगा एकदम खुलला. "खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्यांची मैदानं घेतली, सर. स्वतः लढले. त्या पैशातनं आधी प्राचार्यांचं देणं फेडलं, असं आमच्याकडं सांगत्यात. आमचे आजोबा त्या मिरवणुकीला होते. बैलगाड्याच बैलगाड्या..."

कराडची गाडी लागली होती. त्याने ती जाऊ दिली आणि मिरवणूक गोळेश्वरपासून सुरू केली.