‘ऐकीव’ शब्दाची बदनामी

जासईच्या एका वृद्ध बाई १९८४ च्या जानेवारीची हकीकत आम्हांस सांगत होत्या. पहाटे भाकऱ्या कोणी थापल्या, पोरे कोणाच्या ओटीवर ठेवून बायका दास्तान फाट्याकडे निघाल्या. काही स्वतः पाहिलेले, काही जावेने सांगितलेले. शेजारी बसलेला शिकलेला नातू मध्येच म्हणाला, “फादर, हे लिहून घेऊ नका. आजीचे सगळे ऐकीव आहे.”

सगळे? आजी तेथे होत्या! म्हणजे आता जे कागदावर नाही ते ऐकीव, आणि जे ऐकीव ते खोटे, असा अर्थ रूढ झाला. या बदनामीस आमचा सक्त विरोध आहे.

कोरलेले ते कोरीव, घडलेले ते घडीव, तसे ऐकलेले ते ऐकीव. यात असत्य कोठे आले? खोट्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही: कंडी पिकते, वावडी उडते, भुमका उठते. ‘श्रुती’ म्हणजेही ऐकलेलेच. पण संस्कृतात ते वंद्य, आणि आगरी आजीच्या तोंडी टाकाऊ!

दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध झालेल्या त्या लढ्यात १६ व १७ जानेवारीला गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, हे कागदावर आहे. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्वही कागदावर आले. भाकऱ्या थापणारे हात मात्र कोणत्याही दप्तरी नाहीत.

ऐकीव गोष्ट पारखू नये, असे आम्ही म्हणत नाही. न्यायालयही तिला सहसा दारात उभे करीत नाही. तरीही गावच्या वहिवाटीविषयी, वाद उद्भवण्यापूर्वी, जाणत्या मृत माणसाने काय सांगितले होते ते १८७२ च्या पुरावा कायद्याने ग्राह्य मानले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती तरतूद राखली. आणि आपण ख्रिस्ती माणसांनी तरी नाक मुरडू नये. शुभवर्तमाने लेखणीस येण्यापूर्वी काही दशके लोकांच्या मुखीच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली पवित्र शास्त्राबरोबर परंपरेलाही सारखाच आदर दिला.

तेव्हा नातवाने वही आणावी. आजींनी स्वतः काय पाहिले, जावेकडून काय ऐकले, हे वेगवेगळे लिहावे. खाली तारीख घालावी. जाऊबाई आता हयात नाहीत. आजींना ऐकूही कमी येऊ लागले आहे, बोलणे मात्र अजून स्पष्ट आहे.