विश्लेषण : डिझाइनच्या बिलात फोटोचे पैसे वेगळे का लागतात?

‘गेटी इमेजेस’ आणि ‘शटरस्टॉक’ या स्टॉक फोटोंच्या व्यवसायातील दोन बड्या अमेरिकी कंपन्यांनी जानेवारी २०२५ मध्ये विलीनीकरणाची घोषणा केली. एकत्रित कंपनीचे मूल्य सुमारे ३.७ अब्ज डॉलर असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. ‘आयस्टॉक’ आणि फुकट फोटोंसाठी प्रसिद्ध असलेले ‘अनस्प्लॅश’ आधीच गेटीच्या मालकीचे आहेत. दुकाने कमी झाली की दर कोण ठरवणार, ही शंका साहजिक आहे. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानेही या व्यवहाराची चौकशी हाती घेतली. पण या दरांचा हिशेब अखेर पोहोचतो तो पुण्या-नाशिकमधल्या दोन-तीन माणसांच्या डिझाइन स्टुडिओच्या बिलात. आणि तिथे ग्राहकाचा प्रश्न ठरलेला असतो : ‘गुगलवर तर फोटो फुकट मिळतो, मग हे पैसे कसले?’

फोटो ‘घेतला’ म्हणजे नेमके काय घेतले?

स्टॉक फोटो विकत मिळत नाही, वापरण्याचा परवाना मिळतो. ‘रॉयल्टी फ्री’ या शब्दाने इथे बराच घोळ घातला आहे. त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा शुल्क भरले की ठरलेल्या मर्यादेत प्रत्येक वापरासाठी पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत, एवढाच तो अर्थ. मर्यादा मात्र असतात. शटरस्टॉक किंवा अ‍ॅडोबी स्टॉकचा साधा परवाना छापील वापरासाठी पाच लाख प्रतींपर्यंत चालतो. तोच फोटो टी-शर्टवर किंवा मगवर छापून विकायचा असेल तर महागडा, विस्तारित परवाना लागतो. स्टॉकमधले चित्र लोगो म्हणून सहसा वापरताच येत नाही. ‘एडिटोरियल’ असा शिक्का असलेला फोटो, उदाहरणार्थ मैदानावरचा एखादा क्रिकेटपटू, बातमीसोबत चालतो. क्लासच्या होर्डिंगवर चालत नाही.

ग्राहकाच्या गैरसमजाला आपल्याकडे कायद्याचाही थोडा आधार आहे, हे मान्य करायला हवे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, एखाद्याने मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. लग्नाचे किंवा दुकानाचे फोटो काढून घेताना ‘पैसे दिले, फोटो माझा’ हे त्यामुळे बहुतेकदा खरेच असते. स्टॉक फोटो मात्र कुणाच्या सांगण्यावरून काढलेला नसतो. तो आधीच काढलेला असतो आणि एकाच वेळी हजारो जणांना वापरायला दिलेला असतो.

नोटीस कुणाच्या दारात?

परवाना न घेता फोटो वापरला तर कलम ५१ नुसार हक्कभंग होतो. हा वापर ज्याच्या वेबसाइटवर किंवा पत्रकावर दिसतो तो ग्राहक, त्यामुळे पहिली नोटीस सहसा त्याच्याच पत्त्यावर येते. ‘डिझायनरने लावला, मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर पूर्ण सुटका करत नाही. कॉपीराइट आहे याची कल्पना नव्हती आणि तसे मानायला कारणही नव्हते, हे सिद्ध केल्यास नुकसानभरपाई टळू शकते. वापर थांबवावा लागतोच आणि झालेल्या नफ्यावरही दावा होऊ शकतो. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

अर्थात प्रत्येक नोटीस खरी असते असे नाही. अमेरिकी छायाचित्रकार कॅरोल हायस्मिथ यांनी आपले हजारो फोटो लोकांच्या मुक्त वापरासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले होते. त्यांनी काढलेला एक फोटो त्यांच्याच संस्थेच्या वेबसाइटवर असल्याबद्दल गेटीशी संबंधित कंपनीने १२० डॉलर मागितले! हायस्मिथ यांनी २०१६ मध्ये दावा ठोकला, पण हक्कच सोडून दिलेले असल्याने मुख्य मुद्दे कोर्टात टिकले नाहीत. म्हणूनच परवान्याची पावती आणि फोटो कुठून घेतला याची नोंद जपून ठेवणे दोन्ही बाजूंच्या हिताचे.

बिलात कसे दाखवायचे?

इथे दोन पद्धती चालतात. डिझायनर स्वतःच्या वर्गणीतून फोटो उतरवतो आणि खर्च एकूण रकमेत मिसळतो. किंवा फोटोसाठी वेगळी ओळ लिहितो. पहिली पद्धत सोपी, पण वादाचे मूळ तीच. समजा, वर्गणीतून एक फोटो १५० रुपयांना पडला आणि बिलात ६०० लावले. यात गैर काही नाही; चार तास शेकडो फोटो चाळून हा निवडला, त्याचे ते पैसे आहेत. पण मग त्याला ‘फोटोची किंमत’ म्हणू नये, ‘निवड आणि परवाना’ म्हणावे. दुसऱ्या दिवशी ग्राहकाने साइटवर दर पाहिला की विश्वास उडतो, तो या एका शब्दामुळे.

जीएसटीतही फरक पडतो. नोंदणी असलेल्या डिझायनरने स्वतःच्या नावाने फोटो घेऊन बिलात लावला, तर पूर्ण रकमेवर १८ टक्के कर लागतो. ग्राहकाच्या वतीने, आधी तसे ठरवून, नेमकी तेवढीच रक्कम वेगळी दाखवून वसूल केली, तर ‘प्युअर एजंट’च्या अटी पाळून ती करपात्र मूल्यातून वगळता येते. वर्गणीतल्या फोटोंना ही सवलत बसवणे अवघड.

पैशांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे परवाना कुणाच्या नावावर आहे. एका ग्राहकासाठी घेतलेला फोटो त्याच परवान्यावर दुसऱ्याला वापरता येत नाही, अशी अट बहुतेक कंपन्या घालतात. तरीही हार्ड डिस्कवर पडलेला ‘हसरा डॉक्टर’ एका दवाखान्याच्या पत्रकावरून दुसऱ्याच्या पत्रकावर सर्रास फिरतो. त्यामुळे मोठ्या कामात ग्राहकाने स्वतःच्या खात्यातून फोटो घ्यावा आणि डिझायनरने फक्त निवडून द्यावा, ही व्यवस्था जास्त सुरक्षित. डिझायनर बदलला तरी परवाना ग्राहकाकडेच राहतो.

एआयने प्रश्न सुटला का?

खर्च वाचवण्यासाठी अनेक जण आता चित्रे एआयकडून बनवून घेतात. आपले फोटो विनापरवाना वापरल्याचा गेटीचा ‘स्टॅबिलिटी एआय’विरुद्धचा दावा लंडनच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बहुतांशी फेटाळला, ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर गेटीला मर्यादित यश मिळाले. मात्र एआयने काढलेल्या चित्राची मालकी कुणाची, याचे स्पष्ट उत्तर भारतीय कायद्यात अजून नाही. पुड्याच्या वेष्टनावर असे चित्र छापले आणि प्रतिस्पर्ध्याने ते जसेच्या तसे उचलले, तर ग्राहक कोणत्या हक्काने त्याला अडवणार? चित्र एआयचे आहे हे बिलात लिहिलेले असेल, तर हा प्रश्न तो निदान छपाईच्या आधी विचारू शकेल.