जाब विचारणे हेही कर्तव्यच
१९९९ साली स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली आणि आरोग्याचा कारभार तिच्या हाती आला. २०२० च्या कोरोना-साथीत त्या स्वायत्ततेची खरी कसोटी लागली. रुग्णालयांतील खाटा मोकळ्या करण्यासाठी वृद्ध रुग्णांना वृद्धाश्रमांत धाडण्यात आले. १ मार्च ते २१ एप्रिल या काळात अशा ३,५९९ रवानग्या झाल्या. त्यांपैकी सुमारे ८२ टक्के चाचणीविनाच! मजूर पक्षाचे तत्कालीन नेते श्री. रिचर्ड लेनर्ड यांनी प्रथम मंत्री श्रीमती निकोला स्टर्जन यांना सभागृहात याचा जाब वारंवार विचारला. संकटकाळी राजकारण नको, हा सत्ताधाऱ्यांचा सर्वत्र आवडता उपदेश. परंतु निराधार वृद्धांच्या जिवाचा हिशेब मागणे हे राजकारण नव्हे, तर मग राजकारण म्हणावे तरी कशाला? पुढे एप्रिल २०२१ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री श्रीमती जीन फ्रीमन यांनीच चूक कबूल केली. तोवर लेनर्ड यांनी नेतेपद सोडलेले होते. प्रश्न मात्र खरा ठरला. विकेंद्रीकरणाचा आग्रह धरणाऱ्या कार्यकर्त्यांनी यातून एक बोध घ्यावा: सत्ता राजधानीतून जवळ आली म्हणजे ती आपोआप लोकांची होत नाही. तिला जाब विचारणारा जागा असावा लागतो.