परवाना नसलेला लॅपटॉप आणि अभ्यासक्रमाची अट

‘फ्रीडॉस’ असे लिहिलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोजचा परवाना नसतो. म्हणून तो स्वस्त पडतो. मात्र अनेकदा त्यावर विंडोजची अनधिकृत प्रत चढवली जाते आणि तिच्यासोबत घातक प्रणाली शिरण्याचा धोका येतो. उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ लिनक्स वापरल्यास बचत होते आणि कायदाही मोडत नाही. केरळच्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर केव्हाच स्वीकारले. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त-स्रोत धोरण जाहीर केले. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प सायलॅब, पायथन यांचा प्रसार करतो. तरीही एखादे महाविद्यालय प्रात्यक्षिकांसाठी महागड्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचाच आग्रह धरत असेल, तर विद्यार्थ्याच्या चोरीला अभ्यासक्रमही जबाबदार ठरतो. मुक्त पर्यायांना परीक्षेत मान्यता मिळायलाच हवी.