नारळ, नासा आणि न दिसणारं पाणी

"त्या चंद्राच्या बर्फाखाली समुद्र हाये म्हंतेस, तर कोनं पाह्यला बे तो?"

राजुऱ्याजवळच्या आमच्या वावरात मोठ्या बाबांनी मला हे विचारलं, तेव्हा पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरत होता. धुऱ्याजवळ नारळ उभा झाला आणि तिथे चुन्याची खूण पडली. आदल्या वर्षी अशाच खुणेवर मारलेला बोअर कोरडा गेला होता. त्याचं कर्ज अजून फिटायचं होतं. "तुमची नासा, आमचा नारळ," मोठे बाबा म्हणाले. "दोन्ही मानन्याच्याच गोष्टी."

हे एकट्या मोठ्या बाबांचं मत असतं तर मी लिहिलं नसतं. पण 'सायन्सपण शेवटी श्रद्धाच ना भाऊ' असं माझे इंजिनिअर मित्रही म्हणतात. हे साफ चूक आहे.

समुद्र कोणी पाहिलेला नाही, हे कबूल. गुरूचा चंद्र युरोपा आपल्या चंद्राहून थोडा लहान. त्याच्या बर्फात आजवर एकही भोक पाडलेलं नाही. पण गुरूचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १० अंश कललेलं आहे, त्यामुळे युरोपाजवळ ते साधारण ११ तासांच्या फेऱ्यात उलटसुलट होत राहतं. अशा बदलत्या क्षेत्रात खारं पाणी असेल तर त्यात वीज खेळते आणि त्या विजेचं वेगळं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बर्फात हे जवळजवळ घडत नाही. गॅलिलिओ यानाला युरोपाभोवती असं क्षेत्र सापडलं.

तरी शंका उरली. युरोपाला स्वतःचंच कायमचं चुंबकत्व असेल तर? मार्गारेट किव्हेल्सन यांच्या गटाचं म्हणणं होतं : खाली समुद्र असेल, तर गुरूचं क्षेत्र उलटल्यावर युरोपाचंही उलटलं पाहिजे. कायमचं चुंबकत्व असेल, तर उलटणार नाही. ३ जानेवारी २००० रोजी यान नेमक्या अशा वेळी युरोपाजवळून गेलं. क्षेत्र उलटलेलं होतं.

ते तसंच राहिलं असतं, तर समुद्राचा दावा तिथेच कोसळला असता. हरण्याची ही तयारी श्रद्धेत नसते.

शनीच्या एन्सेलाडसवर पुरावा वेगळ्या वाटेने आला. २००५ मध्ये कॅसिनी यानाने त्याच्या दक्षिण ध्रुवावरून उडणारे वाफेचे आणि बर्फकणांचे फवारे पाहिले. पुढे २०१५ मध्ये, अनेक वर्षांचे फोटो मोजल्यावर, त्याचं कवच थोडं जास्तच डोलतं हे कळलं. आतपर्यंत घट्ट असलेला गोळा इतका डोलणार नाही. कच्चं आणि उकडलेलं अंडं फिरवून ओळखतो, तसंच हे.

आणि ही विद्या आपल्यापासून दूर नाही. भूजलाच्या सर्वेक्षणात जमिनीत चार सळ्या रोवतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडतात, आतल्या दोन सळ्यांमध्ये व्होल्टेज मोजतात. पाणी भरलेला खडक कोरड्या खडकापेक्षा वीज सहज नेतो. चिकणमातीही नेते, म्हणून हे सर्वेक्षणही कधी फसतं. पण का फसलं ते सांगता येतं आणि पुढच्या वेळी सुधारता येतं.

पाणाड्याला मी इतकंच म्हटलं, "काका, डोळे बांधून हेच वावर पुन्हा फिरा. नारळ त्याच जागी उभा राहिला तर मी गप्प बसतो." ते हसले आणि म्हणाले, असं केल्यानं विद्या जाते. मग गेल्या वर्षीचा बोअर? "ते तुमचं नशीब."

खूण खरी ठरली तर विद्या, खोटी ठरली तर नशीब. असा दावा कधी हरतच नाही. हरतो तो कर्ज काढणारा शेतकरी.

या वेळी पाणी लागलं. दोन इंच. मोठ्या बाबांनी फोन करून विचारलं, "आता काय म्हंते तुयं सायन्स?" मला आनंदच झाला, वावर आमचंच आहे. पण दोन बोअरपैकी एक लागला, एवढंच त्यातून कळतं. नाणं उडवूनही तेवढं जमलं असतं.

युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचेल. समुद्राचा दावा तेव्हा पुन्हा तपासला जाईल आणि तो चुकला असेल, तर तेही छापून येईल. आमच्या वावरातला कोरडा बोअर मात्र कुणाच्याच हिशेबात नाही. त्याचा हप्ता तेवढा दर महिन्याला कापला जातो.