टपालाचा शब्द आणि व्यापाऱ्याचा हिशेब

१/ २०२५ मध्ये भारतीय टपाल खात्याची रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. समाजमाध्यमांवर हळहळ व्यक्त झाली, ती बहुतांशी आठवणींची. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. टपालाचे नियम बदलले की व्यापार काय करतो? उत्तर जवळजवळ दोनशे वर्षांच्या इतिहासात आहे.

२/ १८३७ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात टपालाची मक्तेदारी घेतली. दर अंतरावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याच्या पत्रास एक रुपया! पण ज्याची पुंजी मोठी, त्याला सरकारी डाकेवाचून अडत नसे. माळवा-राजस्थानातील सावकारांची स्वतःची ‘महाजनी डाक’ होती. तिचे कासीद बाजारभावाच्या बातम्या नेत-आणत.

३/ १८५४ मध्ये चित्र पालटले. देशात कोठेही पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा. अंतराचा प्रश्नच मिटला, उरले ते वजन. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. त्यावरचा मजकूर वाटेत कोणीही वाचू शके, तरीही व्यापाऱ्यांनी ते आपलेसे केले. गुपित असेल ते पाकिटात, पोच आणि मागणी कार्डावर, असा साधा हिशेब.

४/ १८७७ ची व्ही.पी. ही लहान विक्रेत्यासाठी क्रांतीच होती. गावोगाव दुकान नको, की अडत्या नको. पोस्टमन वस्तू देई आणि पैसे घेई. धोका एकच : ग्राहकाने पार्सल परत पाठवले तर भुर्दंड विक्रेत्यावर. त्यावरही तोड निघाली. १८८० पासून मनीऑर्डर होतीच. काही रक्कम आगाऊ मागवावी, उरलेल्याची व्ही.पी. करावी.

५/ रजिस्टर्ड पोस्टचे बळ वेगात नव्हते, पुराव्यात होते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ ने अशा टपालाला कायदेशीर वजन दिले. म्हणून बँका, वकील, पेढ्या पोचपावत्या वर्षानुवर्षे जपून ठेवत.

६/ आता आजच्याकडे येऊ. १८ डिसेंबर २०२४ रोजी छापील पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद झाली. १ मे २०२५ रोजी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. दर रास्तच आहेत. पण मधल्या साडेचार महिन्यांचे काय?

७/ माझ्या ओळखीच्या जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याने त्या काळात एकेका गावच्या मागण्या साठवल्या, गठ्ठे बांधले आणि एसटीच्या पार्सलने पाठवले. ज्या गावी एकच ग्राहक, त्याला थांबावे लागले. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना ही अडचण नाही. त्यांची वितरणव्यवस्था त्यांच्याच हाती. महाजनी डाक नव्या रूपात परतली आहे, एवढेच.

८/ खात्याची बाजूही न्याय्य आहे. १९८६ पासून चालत आलेली स्पीड पोस्ट आणि रजिस्टर्ड पोस्ट यांची दोन समांतर जाळी सांभाळणे खर्चिक होते. शिवाय स्पीड पोस्टला नोंदणीची जोड आजही घेता येते. म्हणून बदलाला माझा विरोध नाही.

९/ आक्षेप आहे तो खंडाला. बखरीच्या आवृत्तीला दुसऱ्याच दिवशी पोहोचण्याची घाई नसते. मंद टपालाशी व्यापार जुळवून घेतो, महागाशीही कसाबसा घेतो. अनिश्चित टपालाशी मात्र फक्त धनवानच जुळवून घेऊ शकतो. जुनी सेवा बंद करण्याआधी नवी सुरू करावी, इतकी साधी अपेक्षा आहे.

१०/ १८५४ च्या अर्ध्या आण्याचे मोल स्वस्ताईत जितके होते, तितकेच त्या दराच्या निश्चितीत होते. मुंबईचा पेढीवाला आणि खेड्यातला दुकानदार यांना तेव्हा एकच दर, एकच शब्द मिळाला. तो शब्द मोडला, की पहिली झळ खेड्यातल्या दुकानदारालाच बसते.

आपल्या घरी जुन्या व्ही.पी.च्या पावत्या किंवा व्यापारी पोस्टकार्डे असतील, तर रद्दीत घालू नका. ती इतिहासाची साधने आहेत.