आधी निदान, मग दुरुस्ती



प्रकल्पवहीचे शेवटचे पान छापायचे आहे, उद्या ती शाळेत द्यायची आहे, आणि कागदावर अक्षरांमधून पांढऱ्या रेघा गेल्या आहेत. अशा वेळी घरोघरी काय घडते? कोणी प्रिंटरवर थाप मारतो, कोणी सफाईची आज्ञा पाच वेळा देतो, कोणी ‘शाईच भिकार आहे’ म्हणून मोकळा होतो. शेवटी यंत्र पिशवीत घालून किनवटला किंवा नांदेडला न्यायचे ठरते. इस्लापूरसारख्या गावी यात एक दिवस आणि भाड्याचे पैसे जातात. एवढे सारे होते. पण त्या बिघडलेल्या पानाकडे नीट कोणीच पाहत नाही.

माझे म्हणणे असे की, ते पान टाकून देण्याची वस्तू नव्हे. ते एक उत्तम निरीक्षणपत्र आहे. त्यावरून दोष ओळखणे हा शाळेतल्या प्रयोगाइतकाच, किंबहुना त्याहून खरा प्रयोग आहे. लोलकाचा आवर्तकाल मोजताना बरोबर उत्तर काय यावे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. तुमच्या प्रिंटरच्या दोषाचे उत्तर मात्र तुम्हालाच शोधावे लागते.

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू. शाईच्या प्रिंटरमध्ये एक ‘हेड’ असते. त्याच्या तळाशी केसाहूनही बारीक अशी शेकडो छिद्रे असतात आणि त्यांतून शाईचे थेंब कागदावर उडतात. थेंब किती लहान? समजा, एक थेंब ४ पिकोलिटरचा आहे. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख-कोटीवा भाग. गोलाच्या घनफळाचे सूत्र वापरून गणित करा. थेंबाचा व्यास सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग येतो. अशा हिशेबाने १ मिलिलिटर शाईत २५ कोटी थेंब मावतात! सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळ अंगावर येणाऱ्या तुषारांना जो पृष्ठताण गोल आकार देतो, तोच या थेंबांनाही देतो.

थेंब उडवण्याच्या दोन रीती आहेत. काही यंत्रांत विद्युत्दाब दिला की किंचित वाकणारी पट्टी शाईला ढकलते. दुसऱ्या रीतीत एक सूक्ष्म तापक शाई क्षणार्धात तापवतो. वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. या दुसऱ्या रीतीची कथा तुम्हाला आवडेल. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची कांडी चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. दुसरा कोणी टेबल पुसून पुढे गेला असता. तिथे मात्र ‘असे का झाले?’ हा प्रश्न विचारला गेला.

आता आपल्या पानाकडे वळू. छापताना दोन हालचाली होतात: हेड डावीकडून उजवीकडे आणि उलट फिरते, कागद पुढे सरकतो. या दोन दिशा लक्षात ठेवल्या की निम्मे निदान झालेच म्हणून समजा. एखादे छिद्र बंद असेल, तर हेड फिरते त्या दिशेने, म्हणजे आडवी पांढरी रेघ राहते. आपल्या देवनागरीची शिरोरेघ आडवीच असते. ती कुठे फिकी होते, कुठे तुटते हे पाहण्यासारखे असते. याउलट काना, वेलांटीचा दंड अशा उभ्या रेघा दुहेरी किंवा नागमोडी दिसत असतील, तर जाताना पडलेले थेंब आणि येताना पडलेले थेंब यांचा मेळ बसलेला नाही. तिथे हेड कितीही साफ केले तरी उपयोग नाही. त्याची जुळणी करावी लागते. हे अनुमान ताडूनही पाहता येते. एकाच दिशेने छापण्याची सोय असल्यास तसे छापा. कान्याचा दुहेरीपणा गेला, तर अनुमान बरोबर.

पण आडवी रेघ म्हणजे छिद्र बंदच, असे लगेच ठरवू नका. जवळजवळ प्रत्येक प्रिंटरमध्ये छिद्रांची तपासणी करणारा नमुना छापण्याची सोय असते. तो नमुना लागोपाठ दोनदा छापा आणि भिंगाने पाहा. दोन्ही वेळा एकाच जागी खंड असेल, तर ते छिद्र चोंदले आहे. खंडाची जागा बदलत असेल, तर शाईच्या मार्गात हवा शिरली असावी किंवा शाई कमी पोचत असावी. नमुना निर्दोष असूनही पानावर ठरावीक अंतराने आडवे पट्टे येत असतील, तर कागद सरकवणाऱ्या भागाकडे संशयाने पाहा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतील, तर नव्या रिमातला कोरडा कागद घालून तेच पान पुन्हा छापा. पावसाळ्यात दमट झालेल्या कागदाच्या तंतूंतून शाई केशाकर्षणाने पसरते. या परीक्षांचे सूत्र एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. शाई, कागद आणि जुळणी एकदम बदलली आणि पान सुधारले, तर तुम्हाला पान मिळाले, ज्ञान मिळाले नाही.

छिद्रे चोंदतात का, हेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. छिद्राच्या तोंडाशी शाईतले पाणी उडून जाते. यावर उपाय म्हणून प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद केला की हेड आपल्या जागी जाते आणि रबराच्या टोपीवर टेकून झाकले जाते. मात्र छपाई चालू असताना वीज गेली किंवा कोणी भिंतीवरचा खटका बंद केला, तर हेड मध्येच उघडे राहते. म्हणून वीज आल्यावर यंत्र एकदा सुरू करून त्याच्याच बटणाने बंद करावे. पुष्कळ ‘नादुरुस्ती’ या एका सवयीने टळेल.

सफाई ही फुकट नसते. तिच्यात शाई छिद्रांतून ओढून आतल्या शोषक गादीत सोडली जाते. शाई जाते आणि गादीही भरत जाते. दोनतीन वेळा सफाई करूनही फरक पडला नाही, तर यंत्र रात्रभर बंद ठेवून पुन्हा नमुना छापा. वाळलेली शाई मऊ व्हायला आणि बुडबुडे निघून जायला वेळ लागतो. छिद्रांत टाचणी मात्र कधीही घालू नका.

काही शिक्षक म्हणतील, ‘महागाच्या यंत्राला मुलांनी हात कशाला लावावा?’ शंका रास्त आहे. परंतु येथे सांगितलेल्या निदानाला एकही स्क्रू काढावा लागत नाही. कागद, भिंग, वही आणि थोडा धीर पुरतो. आणि निदान करूनही यंत्र दुकानात न्यावेच लागले, तरी ‘चालत नाही’ असे सांगणे आणि ‘निळ्या रंगाची तीन छिद्रे दोन्ही नमुन्यांत एकाच जागी बंद आहेत’ असे सांगणे, यांत फार अंतर आहे. दुसरे सांगणाऱ्याला नको असलेला सुटा भाग सहसा कोणी विकू शकत नाही.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. शाळेच्या प्रिंटरशेजारी एक वही टांगा. तीत तारीख, त्या दिवशीचे तापमान, यंत्र किती दिवस बंद होते, दोष कसा दिसला, काय एक गोष्ट बदलली आणि काय झाले, एवढे विद्यार्थ्यांनी लिहावे. बिघडलेले पान शेजारी चिकटवावे. या नोंदींना प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत. वर्षाच्या शेवटी वर्गाने वही उघडून पाहावी: छिद्रे मे महिन्यात अधिक चोंदली की ऑगस्टमध्ये? यंत्र किती दिवस बंद राहिल्यावर? इस्लापूरपुरते याचे उत्तर आज कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ते तुमच्या वहीत सापडेल.